सहाचा वारा, एकचं पाणी

पाटचौकी, बोरी बुद्रुक
सोमवार, १८ एप्रिल २००५

चि. अश्विनीस,

पाटाचं भगदाड आज दुपारी चार वाजता बुजलं. भागू मुकादमाने नव्या भरावावर स्वतः चालून, जागोजाग पहार मारून पाहिलं आणि वहीत तशी सही केली. उद्या सकाळी वरून थोडं पाणी सोडतील, परवा पुरतं. म्हणजे पाट सहा दिवस बंद राहिला. निमगाव सावाची पाण्याची पाळी पुढच्या सोमवारपर्यंत गेली. पाटाच्या शेवटाकडचे, टेलचे लोक चिडले आहेत, पण चौकीवर कुणी आलं नाही.

हे तुला आधी कळवतो, कारण बुधवारी तू साहेबांबरोबर आलीस तेव्हा भगदाड बुजायला पंधरा दिवस लागतील असं सगळे म्हणत होते. नाही लागले. तेवढं ओझं मनावरून उतरव.

तू चहा न घेताच कल्याणच्या गाडीला गेलीस. आईने आधण ठेवलं होतं. तिने ते तसंच आटू दिलं आणि मला म्हणाली, "साताऱ्याला वारा आन बोरीला पानी, ह्यांचं नातं तरी काय म्हनायचं?" मी तिला तुझ्याच शब्दांत सांगितलं. वीज पोत्यात भरून ठेवता येत नाही. ज्या घटकेला लागते त्याच घटकेला तयार व्हावी लागते. साताऱ्याच्या पठारावर पवनचक्क्या उभ्या राहिल्या, पण वारा कुणाचं ऐकत नाही. दुपारी तीननंतर चढतो, सकाळी सहाच्या सुमाराला पडतो. तो आहे तोवर आपल्या धरणाच्या पायथ्याच्या वीजघराने पाणी राखायचं, तो पडला की सोडायचं. म्हणजे तिकडे कमी झालेली वीज इकडून भरून निघते. आपलं वीजघर एवढंसं, पण इथे जमलं तर पुढे मोठ्या धरणांवर करता येईल, आणि त्याचं गणित वीजवाटप केंद्रात बसून आपल्या अशूने मांडलंय. वीजघरातून सुटलेलं पाणी पाटाने बोरीपर्यंत यायला सात तास लागतात.

आईने चुलीतला जाळ मागे ओढला. मग म्हणाली, "म्हंजे दुपारी एकला मला दिसतं ते पानी म्हंजे सकाळी सहाला तिकडं पडल्याला वारा." इतकं नेमकं मी तिला सांगितलं नव्हतं. तू कुणावर गेलीस ते मला त्या वेळी कळलं.

मंगळवारच्या पहिल्याच चाचणीत पाट का फुटला याबद्दल लोक काहीबाही बोलतात. पाट तीस वर्षांचा आहे. भगदाड पडलं त्या वळणावर भराव बसलेला आहे आणि खेकड्यांची बिळं तर सगळीकडेच आहेत. खेकडा एका हंगामात केवढं पोखरतो ते तुला माहीत आहे. तेव्हा नुसत्या गणिताला दोष देण्यात अर्थ नाही, असं मला वाटतं.

गोजरबाईचा अर्धा एकर गेला. बियाण्यासाठी ठेवलेला कांदा होता, गोंडे पिकत आले होते. तिच्या सासूपासून चालत आलेलं बी. ती बांधावर उभी राहून मला म्हणाली, "पाटकरी, तुमच्या पोरीनं वारा बांधून आनला व्हय माज्या रानात? तिला म्हनावं, आता गोंडं बी बांधून आन." मी काही बोललो नाही.

बुधवारीही बोललो नाही. साहेबांनी विचारलं, हा हिशेब कुणाचा, आणि तू म्हणालीस, गणित माझं आहे. मी तुझ्या मागेच वही घेऊन उभा होतो. ऊन फार होतं आणि माणसं फार जमली होती.

पत्र पोचल्याचं कळव. फोन केलास तर चौकीवर सकाळी आठ ते दहा मी असतोच.

आण्णा


शनिवार, २३ एप्रिल

चि. अश्विनी,

सोमवारची पाळी टेलला नक्की मिळणार. निमगाव सावाच्या दारापर्यंत आज सकाळी पाणी पोचलं, मी सायकलने जाऊन पाहून आलो.

काल डिंपल घरी आली होती. महावीर जयंतीला ओतूरला आली, तर मोटार रिवाइंडिंगच्या दुकानातून वडिलांची स्कूटर घेऊन थेट बोरीला. तुझी खोलीतली मैत्रीण म्हणून आईने तिला पुरणपोळीचा आग्रह केला. पोरगी म्हणाली, "काकू, दोन खाईन, पण सूर्य मावळायच्या आत वाढा." आई म्हणाली, "माजा तवा तुज्या सूर्याच्या आधी तापतो." दोघी खूप हसल्या. मग आई गोठ्याकडे गेली आणि डिंपल माझ्याकडे वळली.

"काका, तिला केंद्रातल्या डेस्कवरून काढलंय. जुन्या फायली लावायला बसवलंय. पाच तारखेला चौकशी आहे. मी सांगितलं असं सांगू नका हं, खाऊन टाकेल मला."

मी विचारलं, ती काय म्हणते?

"म्हणते, बोरीच्या पाण्याचे आकडे बरोबर आहेत, म्हणजे चूक माझ्याच गणितात असणार. रविवारी पण कागद पसरून बसते. सगळं तीन-तीनदा करून पाहिलं. चूक सापडतच नाही, म्हणून रडते. काका, चूक सापडली असती तर एवढी रडली नसती."

हे तुला लिहू नका असं ती बजावून गेली होती. मी लिहिलं. तिच्यावर रागावू नकोस.

अशू, रविवारी कागद पसरून बसू नकोस. सगळ्याच चुका गणितात नसतात. त्या वळणाचा भराव, खेकडे, हे मी तुला आधीच्या पत्रात लिहिलं आहे. चौकशीत तेही सांग. सांगशील ना?

डिंपलबरोबर शेंगदाण्याची चटणी पाठवली आहे. आईने तिखट कमी घातलंय असं ती म्हणते. तसं नाही, जपून खा.

आण्णा


शुक्रवार, २९ एप्रिल

अश्विनी,

बोरीच्या मोजपट्टीचा आकडा खोटा होता. हे मी लिहितो आहे आणि धरणावरच्या गेटवाल्या भगवंताने काल तोंडावर सांगितलं आहे, तेव्हा यात आता शंका नाही.

पहिल्यापासून सांगतो. शहाऐंशी साली मी या चौकीवर आलो. गेणभाऊ पाटकरी निवृत्त होत होते. त्यांनी मला वही दिली, दाराच्या किल्ल्या दिल्या आणि पुलाच्या खांबावरची मोजपट्टी दाखवून म्हणाले, "हौशीराम, पट्टीवर येतंय ते डोळ्यानं वाचायचं आन आठ कमी करून वर सांगायचं. खरं सांगशील तर वरचे म्हनतील बोरीला भरपूर हाय, आन गेट आवळतील. टेलच्या बायामानसांचा तळतळाट आपल्याला." आठ सेंटिमीटर म्हणजे चार बोटं. गेणभाऊ देवमाणूस होते. मी कधी कुणाकडून चहा घेऊन दार उघडलं नाही, तसं त्यांनीही नाही. हे चार बोटांचं खोटं आम्हाला खोटं वाटतच नव्हतं. टेलच्या वाट्याचं राखणं वाटत होतं. एकोणीस वर्षं मी रोज सकाळ-संध्याकाळ अठ्ठ्याहत्तरचे सत्तर केले.

बारा तारखेलाही सकाळी तेच केलं. तुझ्या हिशेबात काठापर्यंत जी जागा होती ती माझी चार बोटं होती. एक वाजता पाणी आलं, त्या वळणावर भरावाच्या वरून गेलं आणि दीड वाजता भराव घेऊन गेलं. खेकड्याचा यात काही संबंध नाही. पहिल्या पत्रात खेकडा लिहिताना हे मला माहीत होतं.

तरी एक गोष्ट मला सुटत नव्हती. एकोणीस वर्षं चाललं तर आताच कसं फुटलं? म्हणून काल रजा टाकून घोडेगावच्या गाडीने धरणावर गेलो. भगवंत गेटच्या खोलीत होता, तोही माझ्याएवढाच जुना. विचारलं, "भगवंता, माझा आकडा तुला कधी खोटा वाटला का?"

तो एवढा हसला की त्याला ठसका लागला. "वाटला? राव, पयल्या वर्षापास्नं म्हायती हाय! तुमी सत्तर म्हनलं की आमी अठ्ठ्याहत्तर धरायचो. बोरीचं आठ, खालच्या चौकीचं पाच, तो पिंपळाजवळचा तर धा-धा खातो. भिंतीवर लिवून ठिवलंय, बगा की."

खरंच लिहिलेलं होतं. खडूने, माझ्या नावासमोर आठ.

म्हणजे एकोणीस वर्षं मी खोटं बोललो आणि टेलला एक थेंब जास्त गेला नाही. मी चार बोटं कमी करायचो, तो चार बोटं घालायचा आणि पाणी जेवढं यायचं तेवढंच येत होतं. मलाही हसू आलं असतं.

"मग या वेळी का नाही घातले आठ?" मी विचारलं.

भगवंत गंभीर झाला. "या वेळी तक्ता वरून आला. कोन्त्या तासाला किती सोडायचं, समदं लिवल्यालं. खाली तुमच्या पोरीची सही. म्या तिला फोनवर म्हनलो, बाई, बोरीच्या आकड्यात आठ घाला. ती म्हनली, का? म्या म्हनलो, आमी घालत असतो. तर ती म्हनली, 'भगवंतकाका, तो आकडा माझ्या वडिलांनी वाचलाय. त्यात काय घालायचं?' आता ह्याच्यापुढं म्या काय बोलनार?"

अशू, परतीच्या गाडीत मी मंचरपर्यंत उभा होतो. बसायला जागा होती.

अख्ख्या पाटावर माझा आकडा खरा मानणारी तू एकटी निघालीस. बाकी सगळ्यांनी मला खोटा धरून माझं काम सांभाळून घेतलं. तू मला खरा धरलंस आणि त्यापायी तुला फायली लावायला बसवलं. बुधवारी तू माझ्यापासून हातभर अंतरावर उभी होतीस आणि सगळं आपल्या अंगावर घेत होतीस. माझ्या हातात वही होती. ऊन आणि माणसं यांचा संबंध नव्हता. मला निवृत्तीला अठ्ठेचाळीस दिवस उरले होते, ते मी मनात मोजत होतो.

तुझ्या गणितात चूक नाही. कागद मिटून ठेव.

तुझ्याकडे काही मागायला मला तोंड नाही.

आण्णा


बुधवार, ४ मे

चि. अश्विनी,

सोमवारी मी पाटबंधारे उपविभागाच्या कार्यालयात लेखी जबाब दिला. मोठ्या साहेबांनी दोनदा वाचला, पोच दिली. त्याची नक्कल त्याच दिवशी रजिस्टर पोस्टाने तुमच्या केंद्राकडे पाठवली. उद्याच्या चौकशीच्या आधी ती पोचली असेल. पोचली नसेल तर हे पत्र मिळाल्यावर दाखव, यातही तेच आहे: १२ एप्रिल रोजी मोजपट्टीवर अठ्ठ्याहत्तर होते, मी सत्तर कळवले.

साहेब म्हणाले, "हौशीराम, महिना उरला होता. गप्प राहिला असतात तर कुणाला कळलं नसतं." मी म्हणालो, "साहेब, ती दर रविवारी ते भोगत होती." त्यांना ते कळलं नाही, पण त्यांनी पुन्हा विचारलं नाही. माझा निवृत्तीचा कागद थांबवला आहे. पुढे काय ते वरून येईल. वही त्यांनी ठेवून घेतली, नवी दिली.

आईला त्याच संध्याकाळी सांगितलं. दोन दिवस वाढत होती, पण ताट सरकवायची. आज सकाळी म्हणाली, "कागद थांबू द्या न्हाईतर फाटू द्या, भाकरी मीच थापनार हाय. पर पोरगी इकडं बगत का न्हाई ते आता मला समजलं. तुमाला आधी समजाया पायजे व्हतं." एवढं बोलून तिने दुसरी भाकरी वाढली.

गोजरबाईकडे मी स्वतः गेलो. ती वाफे नीट करत होती. मी सगळं सांगितलं. ती खुरपं खाली ठेवून ऐकत होती.

"म्हंजे पोरगी न्हाई, तुमी."

"हो."

"आन म्या तिला बांधावरनं वाट्टंल ते बोलले. चार गावांनी ऐकलं. आता ते माघारी घ्याया कुनाकडं जाऊ?"

मी म्हणालो, मी लिहितो.

"लिवा. गोजरबाईनं बोल माघारी घेतलं म्हनावं. आन लिवा, बी मिळालं. दर साली म्या ओंजळ-ओंजळ वाटत आले, तर त्यातलंच तीन घरांनी आनून दिलं. माजंच बी, फक्त लोकाच्या डब्यातलं." मग मला म्हणाली, "तुमच्यावरचं मात्र माघारी घेत न्हाई. तुमी जरा ऐका."

आणि मी ऐकलं. अर्धा तास. त्यातलं इथे लिहिण्यासारखं काही नाही.

उद्या दिवसभर मी चौकीवरच आहे. फोन वाजेलच असं नाही, हे मला माहीत आहे.

आण्णा


मंगळवार, १७ मे

चि. अशू,

शुक्रवार, २० तारखेला पुन्हा चाचणी घ्यायची असं ठरलं. उपविभागाचं पत्र काल आलं आणि भगवंतानेही धरणावरून फोन करून तेच सांगितलं. तो म्हणाला, "भिंतीवरलं समदं पुसलं, राव. आता कोन किती खातो ते कळंनासं झालंय. लई आवघड गेलं चार दिवस."

तुझं कार्ड शनिवारी मिळालं. चौकशीत तुझ्यावर काही ठेवलं नाही आणि तू परत डेस्कवर बसलीस, हे डिंपलच्या वडिलांनी आधीच ओतूरहून कळवलं होतं. तरी तुझ्या अक्षरात वाचलं तेव्हा खरं वाटलं. आईला तीनदा वाचून दाखवलं. कार्डावर सहाच ओळी. शेवटची अशी: "आण्णा, मोजपट्टीवर आज खरं किती आहे?"

रागावलेली आहेस ते वरच्या पाच ओळींत दिसतं, आणि ते तसंच असू दे, घाई नको. पण आकडा तू मलाच विचारलास. भागूला विचारू शकली असतीस.

तर ऐक. आज सकाळी आठ वाजता बोरीच्या मोजपट्टीवर एकाहत्तर. एकाहत्तरच, वर-खाली काही नाही. पाणी थोडं हलत होतं म्हणून दोनदा वाचलं. वळणावरचा भराव आता आधीपेक्षा हातभर उंच आहे, पण तू तो हिशेबात धरू नकोस. नवी माती आहे, बसेल. एका पावसाळ्यानंतर धर. आणि खालच्या चौकीवाल्याने आपलं पाचाचं खोटं सोडलं असं तो शपथेवर सांगतो. मी परवा सायकलने जाऊन त्याची पट्टी स्वतः वाचली. या वेळी खरं सांगत होता. तरी तू त्याला दोनदा विचार.

टेलच्या लोकांशीही बोललो. निमगाव सावाच्या सभेत उभं राहून सांगितलं की शुक्रवारी दुपारी पाणी चढेल, रात्री उतरेल, घाबरू नका. पाळी चुकली तर मला धरा. एकजण म्हणाला, "पाटकरी, तुमाला धरून काय करायचं, तुमी तर चाल्ला घरी!" सगळे हसले. मी म्हणालो, घर बोरीतच आहे. मग एका म्हाताऱ्याने विचारलं की वारा नाहीच पडला तर? मी म्हणालो, तर पाणी धरणातच राहील, आणि तेही तुमचंच. हे बरोबर सांगितलं ना? चुकलं असेल तर कळव, पुन्हा जाऊन सांगेन.

माझं काय होणार ते अजून आलेलं नाही. एकतीस तारखेला वही द्यायची एवढं नक्की. नव्या पाटकऱ्याला मी काय सांगणार ते ठरलं आहे. पट्टीवर असेल ते वाच आणि असेल तेच सांग. एवढं सोपं वाक्य गेणभाऊंना का सुचलं नाही, आणि एकोणीस वर्षं मला का सुचलं नाही, याचा विचार करतो आहे.

शुक्रवारी सहा ते साडेसहाच्या दरम्यान वारा पडेल असा तुमच्या केंद्राचा अंदाज उपविभागाच्या पत्रात आहे. म्हणजे भगवंत सव्वासहाला वीजघराचं पाणी वाढवेल. बोरीला ते सव्वा ते दीडच्या सुमाराला येईल. तुझी कल्याणची गाडी माळशेज चढून साडेदहाला आळेफाट्यावर येते. मी तिथे मोटारसायकलवाला कुणीतरी घेऊन उभा असेन. जेवण आईकडे, चहाही. साडेबाराला पुलावर जाऊ. नव्या नियमाप्रमाणे आकडा दोघांनी वाचायचा आहे आणि दोघांनी सही करायची आहे. साहेबांनी विचारलं, दुसरी सही कुणाची, तेव्हा मी तुझं नाव सांगितलं. तुला विचारलं नाही, याची माफी.

पाणी चढायला लागलं की पट्टी तू वाच, मोठ्याने. मी लिहून घेईन.

आण्णा